चढाला गरम, उताराला गार

"पायाची बोटं हालत्यात का बघ गं," जालिंदर मामा म्हणाले.

मी चपलेतली बोटं हलवून पाहिली. ती हलली की नाही ते मलाच सांगता येईना. तरी मी मान डोलावली. जालिंदर मामा म्हणजे माझे मामेसासरे, आणि त्यांच्यासमोर नव्या नवरीनं शक्यतो मानेनंच बोलायचं असतं, असं आईनं निघताना पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

"हालत्यात म्हणती," मामांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, जणू मी मागच्या गाडीत बसले होते.

पिकअपच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच. मामा गाडी हाकत होते. मध्ये, गिअरचा दांडा गुडघ्यांत घेऊन, आमचे हे. यांचं नाव शहाजी. ते मी लग्नात उखाण्यात घेतलं आणि त्यानंतर आत्ता लिहिताना. दाराशी मी, कारण मामेसासऱ्यांच्या अंगाला अंग लागता कामा नये. रीत म्हणजे रीत. त्या रीतीपायी खिडकीच्या काचेच्या फटीतून घुसणारा सगळा वारा माझ्या वाट्याला आला होता. मागे ताडपत्रीखाली माझा संसार बांधलेला होता, आणि सिमला केव्हाच मागे पडलं होतं.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाई करायला देशभर पांगलेली असतात. गलाई म्हणजे सोन्याचांदीचे जुने दागिने भट्टीत आटवून शुद्ध करून द्यायचे. कुणी कोचीनला, कुणी गुवाहाटीला. यांचं दुकान हिमाचलात, सफरचंदाच्या पट्ट्यातल्या एका बाजारगावी. लग्न ठरवताना सांगितलं होतं, 'सिमल्याजवळ.' आमच्याकडे विट्याजवळ म्हणजे सायकलवर जाऊन यावं इतकं. इथं सिमला सोडून निम्मा दिवस झाला तरी गाव यायचं नाव घेईना.

गाडी सुटायच्या आधी माझे वडील खिडकीशी आले होते. आमच्या भावकीत कुठल्या बापानं मुलीला असं सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "शालन, मामांची गाडी तिथनं सफरचंदं भरून माघारी यायचीच हाय. तवर बघ. न्हाई सोसलं तर त्याच गाडीत बस. लोक बोलत्याल, बोलू देत. पण एकदा का गाडी तुला सोडून आली, की माघारीचं मनातनं काढून टाक."

म्हणजे मामांना सफरचंदाच्या पेट्या मिळेपर्यंत मला ठरवायचं होतं, या माणसाबरोबर जन्म काढायचा की नाही. आणि हा माणूस विट्यापासून इथपर्यंत माझ्याशी काय बोलला होता? 'चहा घेणार का' आणि 'काच वर कर.' एवढ्यावर मी काय ठरवणार होते, डोंबल?

यांनी हात पुढे करून हीटरची कळ फिरवली. भुर्र असा आवाज झाला आणि आमच्या पायांवर गार वारा सुटला.

"जरा टायम लागतोय त्याला," मामा म्हणाले. "आजवर कधी लावलाच न्हाई की आपण. आपल्याकडं हीटर लावायचा म्हंजी तापावर कांबळं."

टायम देऊन झाला. हवा गारच. मग चढ लागला. गाडी कण्हत कण्हत वर निघाली आणि बघता बघता पायांवर कोमट हवा यायला लागली. मामा खुलले. "आला! म्हटलं हुतं का न्हाई?" माझ्या पायांत मुंग्या आल्या, म्हणजे पाय होते तर. एवढ्यात खिंड ओलांडून गाडी उताराला लागली आणि हवा पुन्हा गार. पुढचा चढ आला, पुन्हा कोमट. पुन्हा उतार, पुन्हा हुडहुडी. मामांनी कळ उलटी फिरवून पाहिली, सुलटी फिरवून पाहिली, दोनदा तिला थापडही मारली.

"चढाला गरम, उताराला गार," ते म्हणाले. "ह्याची काय भानगड हाय कळंना."

यांनी एकदा वाकून माझ्या पायांकडे पाहिलं आणि लगेच समोर बघायला लागले. मी साडीचा काठ खाली ओढून पाय झाकून घेतले. काय बघायचं ते तोंडाकडे बघावं ना माणसानं.

वाटेत एका ढाब्यावर थांबलो. मामांनी आपल्या विट्याच्या वळणाच्या हिंदीत दुखणं सांगितलं आणि गाडीभोवती वैद्यांची जत्रा जमली. एक म्हणाला, पाण्यात हवा अडकलीय. दुसरा म्हणाला, हीटरची नळी तुंबलीय. तिसऱ्यानं सांगितलं, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा. एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी पुठ्ठा तेवढा हाताशी होता, म्हणून तोच उपाय झाला. आणि तो होता माझ्या मावशीनं आहेर केलेल्या डिनर सेटच्या खोक्याचा. माझ्या डोळ्यांदेखत मामांनी खोकं फाडून गाडीच्या नाकावर बांधलं. थोडा गुण आला. हवा गार होती ती बेताची गार झाली.

दिवस मावळायच्या आत गावात पोचलो. दुकान रस्त्यावर, वर एक खोली, तिथून लाकडी जिना. सामान चढवून झालं. मामा खाली दुकानात पथारी टाकायला गेले, आणि मी पहिल्यांदा या माणसासमोर एकटी उभी राहिले. आता काहीतरी बोलतील, असं वाटलं. बोलले.

"मामांची गाडी जायची हाय परत," ते खाली बघत म्हणाले. "तुला जायचं असलं तर सांग. कोण काय म्हणणार न्हाई."

माझ्या बापानं म्हणणं वेगळं. पण घरात पाऊल टाकलं नाही तोच नवऱ्यानं परतीची गाडी दाखवायची? मी काय पसंत नव्हते? मग पाहायला आले तेव्हा पोहे का खाल्ले? रंगानं सावळी होते, ते तर तेव्हाही दिसत होतं. रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढा माज अजून शिल्लक होता. मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खिडकीतून पाहते तर गाडीचं बॉनेट उघडं आणि त्यात कमरेपर्यंत गेलेले हे. वाटलं, मामांना मदत करत असतील. पण मामा बाजूला बसून बिडी ओढत होते. खाली दुकानाची भट्टी थंड होती. एक सोनार चांदीची मोड घेऊन आला, त्याला यांनी बॉनेटमधूनच 'दुपारी या' म्हणून परत पाठवलं. धंद्याचं गिऱ्हाईक परत पाठवणारा गलाईवाला मी तोवर पाहिला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी त्यांनी नेगी नावाच्या मेकॅनिकला आणलं. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा नेगीनं इंजिनावरचं एक टोपण उघडलं होतं आणि तो आत बोट घालून काहीतरी शोधत होता. ते काही त्याला सापडेना. त्यानं विचारलं, इथला थर्मोस्टॅट कुठंय?

"त्यो व्हय," मामा म्हणाले. "त्यो गाडी घेतली तवाच काढून टाकला."

"काढून टाकला?"

"सगळेच काढत्यात आमच्याकडं. चैत-वैशाखात गाडी उकळती वो. आमचा मेस्त्री म्हणतो, त्यो व्हॉल्व काढला की पाणी सदा फिरत ऱ्हातं, इंजिन गार."

"तेच झालंय," नेगी म्हणाला. "इंजिनच गार ठेवलंय तुम्ही. मग हीटरला ऊब कुठून मिळणार? चढाला इंजिन दमतं, म्हणून जरा तापतं. उताराला पुन्हा गार."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आमच्या तालुक्यातल्या शंभरातल्या नव्वद गाड्यांचा तो व्हॉल्व काढलेला असणार, आणि कुणाच्या बापाला कधी काही बिघडलेलं कळलं नसणार. नेगी म्हणाला, मिळेल, पण सिमल्याहून मागवावा लागेल. उद्या-परवाच्या बसबरोबर येईल.

"कशाला?" मामा यांना म्हणाले. "पेट्या तर उद्याच भरून मिळत्यात. मी निघतो की. एकदा चंदीगडच्या खाली उतारलो की हीटर कुणाला पायजे? आन् विट्याला गेलं की मेस्त्री पुन्हा काढणारच त्यो."

"थांबा," हे म्हणाले.

"आरं पण—"

"थांबा म्हणतोय न्हवं मी, मामा."

एवढा मोठा आवाज मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला. मामाही चपापले. मी चहाचे कप गोळा करून वर आले आणि विचार करत बसले, आणि जितका विचार केला तितका गुंता वाढत गेला. मी नकोशी असेन तर गाडी जितक्या लवकर जाईल तितकं बरं. मग हा माणूस गाडी का अडवून धरतोय? आणि मी हवीशी असेन, तर तोंड उघडून दोन शब्द बोलायला काय होतं? ज्या गाडीत आपण बसणार नाही, जी आपली नाही, जी उन्हाच्या मुलखात जाणार आहे, तिच्या हीटरसाठी दुकान बंद ठेवून हा माणूस हात काळे करतोय. कदाचित डोक्यानंच थोडा असेल, असंही वाटून गेलं. स्थळ पाहताना ते कोण सांगतं?

दुसऱ्या दिवशी पेट्या आल्या. हमालांनी त्या गाडीत रचल्या, वर ताडपत्री ताणली. हे प्रत्येक बसला रस्त्यावर जाऊन उभे राहत आणि हात हलवत परत येत. दिवसभरात माझ्याशी बोलणं झालं ते एकदाच. म्हणाले, "ठरलं का तुझं?"

"तुमचं ठरलंय तेच," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

मी भाकरी थापत होते, त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळी मी माझी बॅग भरली. चार साड्या, आणि आईचा फोटो. बाकी संसार राहू दे इथंच, यांनी दुसरी आणली की तिला होईल, असा विचार केला आणि मग मात्र तोंडात पदर कोंबून रडले. मला जायचं नव्हतं. हे मला बॅग भरतानाच कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला. असल्या मुखदुर्बळ माणसापाशी कशासाठी राहावंसं वाटावं, तेही कळेना.

व्हॉल्व आला सकाळच्या बसनं. कानातल्या डुलाच्या डबीएवढ्या पुडक्यात होता. नेगीनं तो बसवला, पाणी भरलं, गाडी सुरू केली. मी बॅग घेऊन जिना उतरले. मामांनी बॅग पाहिली आणि दुसरीकडे बघितलं. यांनीही पाहिली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बॅग माझ्या हातातून घेऊन त्यांनी ती सीटमागे नीट ठेवली, मात्र.

"शालन, जरा बस गाडीत," ते म्हणाले. "खिडकीकडनं. येताना बसलीवतीस तिथंच."

"आत्ता निघायचं?"

"न्हाई. एक चक्कर मारायची हाय."

पुन्हा तेच तिघं, पुन्हा तीच जागा. मामा गाडी चढावर घेऊन गेले. पायांवर हवा आली, कोमट, मग गरम. माथ्यावर गाडी वळवली आणि उतार सुरू झाला. आणि हे सीटवरून खाली वाकले, त्यांनी हाताचा तळवा हीटरच्या झडपेपाशी, माझ्या पावलांपासून बोटभर अंतरावर धरला. मामेसासऱ्यांच्या देखत! मी शरमेनं मेले.

"आता? उतार हाय बघ आता. येतीया का गरम?"

"येतीया."

"बोटांपातूर? का नुसती घोट्याला?"

"बोटांपातूर."

"उजव्या पायाला?"

"दोन्ही पायांना येतीया वो!"

ते उठून बसले. कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत. "झ्याक," म्हणाले. "आता वाटेत काय तरास न्हाई."

"कुणाला?"

"तुला."

मग माझा बांध फुटला. आईनं सांगितलेली रीत, मान, पदर, सगळं गेलं चुलीत. "तुम्हाला मला घालवायची एवढी घाई झालीया?" मी ओरडले. "दुकान बंद ठेवून, गिऱ्हाईक परत धाडून, बायकोला घालवायची गाडी तयार करताय? नको हुते तर पाहायला का आला? पोहे खायला?"

मामांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला लावली. "ह्या मागच्या टायरात हवा कमी वाटती," असं कुणालाच उद्देशून न म्हणता ते खाली उतरले आणि दार लावून घेतलं. इंजिन चालूच होतं. हीटर धडधडून गरम हवा टाकत होता.

हे समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले, आणि मला वाटतं तो माणूस आयुष्यात तेवढं एका दमात कधी बोलला नसावा.

"वयनी आलीवती हितं. दादा दुकान बघायचा तवा. त्या हिवाळ्यात ती रोज म्हणायची, मला खाली न्या. आम्ही म्हणायचो, हुईल सवय. आई फोनवरनं म्हणायची, बाईमाणसानं सोसायचं असतंय. तिला काय पायजे ते कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मग लईच आजारी पडली तवा नेली. बसनं. दादा दुकानात गुतलेला, म्हणून मी बरोबर हुतो. बसची काच फुटलेली. माझं घोंगडं, माझा स्वेटर, सगळं तिच्या पायावर घातलं. चोळत हुतो. गरम झालंच न्हाईत तिचं पाय. पोटुशी हुती ती. खाली अंबाल्याला पोचायच्या आत गेलं पोटातलं."

या जाऊबाईंना मी लग्नात पाहिलं होतं. माझ्या अंगाला हळद लावून त्या एका कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या, आणि मला वाटलं होतं, काय आखडू बाई आहे.

"येताना तुझं पाय बघितलं," हे म्हणाले. "निळं पडलंवतं. तवाच ठरवलं. तुला आल्या आल्या इचारायचं. जायचं असलं तर तू जाशील. पण तशी न्हाई. ऊबंत जाशील."

हा माणूस बॉनेटमध्ये कशासाठी वाकला होता, ते मला तेव्हा कळलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांचा हात धरावासा वाटला, तो काळा, तेलकट हात. पण बाहेर मामा होते, आणि ते त्याच टायराभोवती तिसऱ्यांदा फिरत होते.

"तुम्ही मला जायचं असलं तर सांग म्हणालात," मी म्हटलं. "ऱ्हायचं असलं तर? त्ये न्हाई इचारलं."

"त्ये कसं इचारायचं?" ते खरोखरच गोंधळले. "मी इचारलं तर तू हो म्हणशील. नवऱ्यानं इचारल्यावर बायका हो म्हणत्यातच. मग त्यात इचारलं काय न् न्हाई काय, सारखंच."

"मी तसली न्हाई."

"व्हय?"

"इचारून बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. तेवढ्यात मामांनी काचेवर टकटक केली. "टायर बरा हाय गा! थंडीनं मरायला लागलो मी. येऊ का आत?"

"थांबा जरा, मामा!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

मग यांनी विचारलं. "ऱ्हाशील का गं?" एवढंच, आणि तेही इतक्या हळू की हीटरच्या आवाजात निम्मं बुडालं. हो म्हणायचं तर ते म्हणणार, बायका म्हणतातच. मी सीटमागे हात घालून बॅग ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"मला घरापाशी उतरवा," मी म्हटलं. "आन् मामांना वाटंला लावून येताना अर्धा लिटर दूध आणा. घरातलं संपलंय."

दुधाचा आणि विचारलेल्याचा मेळ त्यांना लागेना. मामांनी दार उघडलं, आत बसले, माझ्या मांडीवरच्या बॅगेकडे बघितलं आणि काहीही न विचारता गाडी गिअरमध्ये टाकली. घर आलं. मी उतरले, जिना चढले, चूल पेटवली. खाली मामांच्या गाडीचा आवाज लांब गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

हे एक लिटर घेऊन आले.